हप्त्यात भागीदार, घरात पाहुणी

पहिले घर घेणाऱ्या कुटुंबाला सल्ला द्यायला आज सगळेच तयार असतात. बँकेचा अधिकारी असतो, बिल्डरचा माणूस असतो, नात्यातला एखादा नोकरदार भाऊ असतो. सल्ला साधारण एकच असतो : महिन्याचे उत्पन्न लिहा, खर्च लिहा, अनावश्यक खर्च कापा आणि हप्ता वेळेवर भरा. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण या सल्ल्यात एक प्रश्न कोणी विचारत नाही. कापायचे ते कोणाचे? आणि जिचे कापले जाते, तिच्या पदरात शेवटी काय पडते?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या वस्त्यांत काम करताना घर हा विषय आमच्यापर्यंत दोन वेळा येतो. वास्तुशांतीचे आमंत्रण येते तेव्हा, आणि बाईला घराबाहेर काढले जाते तेव्हा. या दोन प्रसंगांच्या मधली दहा-पंधरा वर्षे, ज्यात ती बाई दर महिन्याला त्या घरासाठी काहीतरी सोडत असते, ती आमच्या नोंदवहीत नसतात. स्त्री संघटनांनी आता नेमक्या याच मधल्या वर्षांत शिरले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हिशेब मांडून पाहू

एक कुटुंब धरू. नवरा खाजगी नोकरीत, पगार २४ हजार. बायको शिवणकाम करते, शिकवण्या घेते, तिचे ८ हजार. एकूण ३२ हजार. आजवर भाडे ५ हजार होते. आता शहराच्या कडेला २० लाखांचे तयार घर पाहिले आहे. बँक १६ लाख देते. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे. महिन्याचा हप्ता येतो जवळजवळ १४,४०० रुपये. वीस वर्षांत बँकेला परत जातात सुमारे साडेचौतीस लाख, म्हणजे मुद्दलापेक्षाही व्याज जास्त.

हप्ता सुरू होण्याआधीचा खर्च वेगळा. वरचे ४ लाख आपले. मुद्रांक शुल्क गावा-शहराप्रमाणे बदलते, ते ६ टक्के धरले तर १ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २० हजार. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च अशा घराच्या कर्जात धरला जात नाही, तो रोखच उभा करावा लागतो. एकूण ५ लाख ४० हजार. बांधकाम चालू असलेले घर असेल तर वर जीएसटी. शिवाय वकिलाची फी, वीजमीटर, पाण्याची मोटर, खिडक्यांच्या जाळ्या, ओट्याखालची कपाटे. हे सगळे 'किरकोळ' म्हणून कोणीच लिहून ठेवत नाही.

आता महिन्याकडे येऊ. हप्ता १४,४००. घरपट्टी, पाणीपट्टी, देखभाल, दुरुस्ती, वाढीव वीज यांचे कमीत कमी २ हजार धरा. म्हणजे डोक्यावरच्या छपरासाठी पूर्वी ५ हजार जात होते, आता १६,४०० जातात. उरलेल्या सगळ्या संसाराला पूर्वी २७ हजार मिळत, आता १५,६०० मिळतात. महिन्याला ११,४०० रुपये संसारातून नाहीसे झाले.

बँकेच्या कागदावर हे गणित बसते. घरात ते कोणीतरी बसवावे लागते. दूध एक लिटरचे अर्धा लिटर होते. मुलाचा क्लास चालू राहतो, मुलीला 'घरीच कर अभ्यास' म्हणतात. सासऱ्यांच्या गोळ्या येतात, बाईची सोनोग्राफी पुढच्या महिन्यावर जाते. भाजीत शेंगदाण्याचा कूट कमी होतो आणि ताटात सगळ्यात शेवटी बसणारीला भाकरीबरोबर ठेचा पुरतो. नवऱ्याचे पेट्रोल, पान-तंबाखू, मित्रांबरोबरचा चहा यांना कात्री लागतच नाही असे मी म्हणत नाही. पण ती लागली तर घरभर चर्चा होते. बाईच्या कात्रीची चर्चा होत नाही, तिला 'काटकसरी गृहिणी' म्हणतात.

जे पैशाने भागत नाही ते श्रमाने भागवले जाते. स्वस्त घर शहरापासून लांब असते. रिक्षाचे दोन टप्पे वाढतात, म्हणून धुण्याभांड्याची दोन कामे सुटतात, शिकवणीची मुले तुटतात. नळाला रोज पाणी येईल ही खात्री आपल्या दोन्ही शहरांत धरता येत नाही. नव्या वसाहतीत तर टँकर येईल त्या वेळी घरी कोणीतरी हजर पाहिजे. ती कोण असते, हे सांगायला नको. खानदेशातल्या मे महिन्यात सिमेंटच्या स्लॅबखाली कूलरशिवाय झोप लागत नाही, आणि वीजबिल पाहून कूलर बंद करणारा हातही तिचाच असतो. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत आढळले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे. ही पाच तासांची मजुरी कोणत्याही गृहकर्जाच्या अर्जात उत्पन्न म्हणून धरली जात नाही. पण ती नसती तर ३२ हजारांच्या घरात १४,४०० चा हप्ता निघालाच नसता.

हप्ता एकदा ठरला की ठरला, असेही नाही. बहुतेक गृहकर्जांचे व्याज बदलते असते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. १६ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर व्याज ७ चे साडेनऊ झाले तर हप्ता १२,४०० वरून १४,९०० वर जातो. पुष्कळ ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली गेली आणि घरच्यांना पत्ताही लागला नाही. हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्यावी, असे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना सांगावे लागले. निवड कर्जदाराची. पण घरातली कोणती व्यक्ती बँकेत जाऊन ती करते?

सोने, बचत गट आणि सही

ते पाच लाख चाळीस हजार येतात कोठून? जळगावच्या सोन्याची ख्याती देशभर आहे. त्या सराफ बाजारात दुकानाच्या एका बाजूने लग्नाचे सोने बाहेर पडते आणि दुसऱ्या बाजूने तेच सोने घराच्या इसारासाठी परत येते. पोत, पाटल्या, कानातले. माहेरने दिलेले स्त्रीधन हे पूर्णपणे स्त्रीचे असते, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितले. पण पाटल्या मोडल्या की त्यांचे रोख पैसे होतात, ते नवऱ्याच्या खिशातून बिल्डरकडे जातात आणि पावती नवऱ्याच्या नावाची होते. उद्या वाद झाला तर बाईजवळ पुरावा काय? आठवण.

सोने पुरले नाही तर बचत गट असतोच. ज्या गटांची बांधणी आम्ही कार्यकर्त्यांनी बाईच्या हातात पैसा यावा म्हणून केली, त्याच गटाचे कर्ज, किंवा दारात येणाऱ्या मायक्रोफायनान्सचे कर्ज, ती घराच्या वरच्या रकमेसाठी उचलते. कर्ज तिच्या नावाचे. एक हप्ता चुकला तर गटातल्या बाया तिच्या दारात. खरेदीखत त्याच्या नावाचे. धुळ्याच्या एका बैठकीत एका बाईने हे एका वाक्यात सांगितले : "ताई, हप्ता मी भरस, पन घर मना नाववर नही शे." बैठकीतली एकही बाई हसली नाही. निम्म्याजणींची तीच गोष्ट होती.

सगळ्यात मोठी फसगत सहीची आहे. बायकोचे उत्पन्न धरले की कर्ज जास्त मिळते, म्हणून तिला सहकर्जदार केले जाते. बँकेत तिला बोलावतात, पंचवीस-तीस ठिकाणी सह्या घेतात. बाईला वाटते, इतक्या सह्या केल्या म्हणजे घर माझेही झाले. मैत्रिणींनो, सहकर्जदार आणि सहमालक हे दोन वेगळे शब्द आहेत. घराचा सहमालक असेल त्याला बँका बहुधा कर्जातही घेतात. पण कर्जात असलेली व्यक्ती घराची मालक असतेच असे नाही. मालकी ठरते खरेदीखतावरून. सहकर्जदार मात्र संपूर्ण कर्जाला जबाबदार असते. नवरा घर सोडून गेला, त्याने हप्ते थांबवले, तर बँक तिच्या मागे लागू शकते. पत बिघडते ती तिचीही. म्हणजे कर्ज फेडण्यापुरती ती भागीदार आणि मालकीच्या वेळी पाहुणी.

घरपट्टीच्या पावतीवर नाव लावले म्हणून निश्चिंत होऊ नये. ती कर कोण भरते याची नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे. नाव हवे ते खरेदीखतात, इंडेक्स टू मध्ये, आणि पुढे सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर.

"नावात काय आहे?"

हा प्रश्न नेहमी ज्याचे नाव लागलेले असते तोच विचारतो. नावात काही नसेल तर दोघांची लावा, असे म्हटले की लगेच 'तुम्ही संस्था-संघटनावाल्या घरे फोडता' हा आरोप येतो. घर फोडते कोण? पंधरा वर्षे हप्त्यासाठी पोटाला चिमटा काढलेल्या बाईला 'हे माझे घर आहे, चालती हो' असे म्हणता येते, ते त्या कागदामुळेच म्हणता येते.

कायदा काय देतो तेही नीट समजून घेऊ. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतीश चंदर आहुजा खटल्यात तो हक्क सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरापर्यंतही पोहोचू शकतो, असे ठरवले. हे मोठे यश आहे. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. ते घर ती विकू शकत नाही, मुलीला देऊ शकत नाही, धंद्यासाठी तारण ठेवू शकत नाही. नवऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलेल्या घरात तो जिवंत असेतोवर हिंदू बायकोचा मालकीचा हिस्सा नसतो. त्याच्या मागे, त्याने मृत्युपत्र केले नसेल तर, तिला सासू आणि मुलांच्या बरोबरीचा एक वाटा मिळतो. मुसलमान विधवेला मुले असतील तर आठवा हिस्सा. साक्री-शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी बहिणींना तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागूच नाही, तिथे रूढी चालते. म्हणजे जात-धर्म कोणताही असो, आयुष्यभर घर चालवणारी बाई विधवा झाल्यावर फार तर वाटेकरी होते.

हे असेच असायला पाहिजे असे नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता दोघांची समाईक मानली जाते आणि स्थावर विकायला दोघांच्या सह्या लागतात. तिथेही बायांवर अन्याय होतो. पण निदान तिथल्या बाईला 'तुझा इथे संबंध काय' असे कायद्याच्या भाषेत विचारता येत नाही.

आणि परकी उदाहरणेही कशाला? १९८६ च्या चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या शेतकऱ्यांनी जमीन बायकांच्या नावे करून दिली. १९९२ मध्ये शासनानेही त्याच नावाने सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. ज्या खानदेशात कोरडवाहू शेताचा तुकडा बाईच्या नावावर झाला, तिथे बाईच्या पाटल्या मोडून घेतलेले दोन खोल्यांचे घर होऊ नये?

सरकारची सवलत आणि सरकारचा हिशेब

सरकार काहीच करत नाही असे नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१५ पासून दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी घरात स्त्रीचे नाव असावे असा नियम आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. वरच्या हिशेबात ते २० हजार रुपये होतात. पण त्या सवलतीला सुरुवातीला अट होती की पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकता येणार नाही. म्हणजे बाईला मालकीण केले आणि तिच्या हाताला कुलूप घातले! ती अट २०२३ मध्ये काढली गेली. अजूनही नवरा-बायकोने मिळून घर घेतले तर ही सूट मिळत नाही. जे जोडपे प्रामाणिकपणे दोघांच्या नावावर घर घेते त्याला भुर्दंड, आणि जो २० हजारांसाठी बायकोचे नाव लावून कागद आपल्या कपाटात ठेवतो त्याला बक्षीस.

सरकारी हिशेब चुकला तर काय होते, हे जळगावने भोगले आहे. झोपडपट्टीतल्या लोकांसाठी नगरपालिकेने काढलेल्या घरकुल योजनेत ठरलेल्या हजारो घरांपैकी दीड हजाराच्या आसपासच पूर्ण झाली. २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवले. त्यावर पुढे वरच्या न्यायालयात दाद मागितली गेली. घरकुलासह इतर योजनांसाठी काढलेल्या हुडकोच्या कर्जाचे ओझे शहराच्या तिजोरीवर वर्षानुवर्षे राहिले. वर्तमानपत्रांनी आरोपींची नावे छापली, रकमा छापल्या. न मिळालेल्या घरांत ज्या बाया राहणार होत्या त्यांनी तेवढी वर्षे भाडे कोठून भरले, पाणी कोठून आणले, हे कोणी मोजले नाही. तिजोरीत पैसा नाही म्हणून जो रस्ता होत नाही, जी जलवाहिनी येत नाही, तिचा खर्च शेवटी बाईच्या घरखर्चात येऊन पडतो.

आपण काय करायचे

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतील, घरकर्जाचा प्रश्न मध्यमवर्गाचा आहे, आपल्या बायांना पोटाची भ्रांत. पण आज अंगणवाडी सेविका, दालमिलमधली कामगार, धुणीभांडी करणारी, सगळ्याच कोठेतरी प्लॉटचे नाहीतर खोलीचे हप्ते भरताहेत. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हांला कुटुंबाचे अंदाजपत्रक शिकवले तेव्हा 'कुटुंब' हे एकच खाते होते. त्या खात्यात दोन माणसे असतात आणि त्यांतले एक नेहमी शिल्लक टाकत असते, हे आम्हांला वस्तीतल्या बायांनी शिकवले.

म्हणून प्रत्येक गटाने 'घराच्या हिशेबाची बैठक' घ्यावी, आणि ती वास्तुशांतीनंतर नको, इसार देण्याआधी घ्यावी. त्या बैठकीत कागदावर हे लिहावे :

पहिले, हप्ता आणि नवे खर्च वजा जाता महिन्याला किती उरते, आणि जी तूट येते ती नेमकी कशातून भरणार. दूध, औषध, मुलीची फी यांच्यावर आधीच फुली मारता येणार नाही अशी खूण करावी. गणित बसत नसेल तर लहान घर घ्यावे, एक वर्ष थांबावे. तीन महिने हप्त्याएवढी रक्कम बाजूला टाकून पाहावी. जमते का ते आपोआप कळते.

दुसरे, सोने मोडायचे असेल तर सराफाची पावती बाईच्या नावाने घ्यावी, पैसे तिच्या बँक खात्यात घ्यावेत आणि तिथून थेट विकणाऱ्याला द्यावेत. माहेरच्या मदतीचेही तसेच. उद्या तेच बोलेल.

तिसरे, खरेदीखतात नाव नसेल तर कर्जाच्या कागदावर सही नाही. हे वाक्य प्रत्येक बाईने पाठ करावे. हे भांडण नव्हे, हा व्यवहार आहे. बँकही तारणाशिवाय एक रुपया देत नाही. मग बाईनेच का द्यावा?

चौथे, घर आधीच नवऱ्याच्या नावावर झाले असेल तरी वाट आहे. राहते घर पत्नीला बक्षीसपत्राने द्यायचे तर २०१५ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. काही ठिकाणी स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वर येतो, कर्ज चालू असेल तर बँकेची संमती लागते. निम्मा हिस्साही देता येतो. 'खर्च फार येतो' ही सबब आता चालणार नाही.

पाचवे, खरेदीखत, कर्जाचा करार आणि हप्त्यांचा तक्ता यांची एक प्रत बाईच्या स्वतःच्या ताब्यात, हवे तर माहेरी किंवा गटाच्या कपाटात.

सरकारकडे आणि बँकांकडे आपल्या मागण्याही स्पष्ट असाव्यात. पत्नीला सहकर्जदार करायचे तर तिचे नाव खरेदीखतात असलेच पाहिजे, असा नियम करा. सही घेण्याआधी तिच्याशी वेगळे, मराठीत बोला आणि कागदांची प्रत तिच्या हातात द्या. मुद्रांक शुल्काची सूट पती-पत्नीच्या संयुक्त खरेदीलाही लागू करा. आणि लग्नानंतर दोघांच्या श्रमातून उभी राहिलेली मालमत्ता दोघांची, असा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी करा.

तोवर काम आपल्या हातात आहे. येत्या तीन महिन्यांत तुमच्या वस्तीत जे कुटुंब घर घ्यायला निघेल, त्या घरातल्या बाईकडे बिल्डरच्या आधी तुम्ही पोहोचा. पेन, कागद घेऊन तिच्या ओट्याजवळ बसा आणि विचारा : ताई, यात तुझे किती जाणार, आणि कागदावर तुझे नाव कुठे आहे?